आबांची काळी नाणी

बहात्तरच्या दुष्काळात मी पारोळ्याहून जळगावला आले. मालक वारलेले, कडेवर पोरगी. तिला उन्हात निजवून तीन महिने खडी फोडली होती. मग एका रिटायर मास्तरांकडे धुणंभांडी मिळाली, अन् राहायला मागची खोली. मास्तरांना सगळे आबा म्हणायचे, त्यांच्या बाईंना अक्का. ती खोली सुटली तर पुन्हा खडीच होती मला.

आबांना एकच नाद. जर्मनीकडची जुनी चांदीची नाणी जमवायची. तिकडं म्हणे आधी एक देश नव्हता, आपल्या संस्थानांसारखी बारकी बारकी राज्यं होती, अन् दर राजाचं नाणं वेगळं. मुंबईहून टपालानं यायची. नाणं आलं की आबा जेवण विसरायचे. अक्का म्हणायच्या, "आले तुमचे व्याही!"

धनतेरसच्या आदल्या दिवशी अक्का म्हणाल्या, "चांदीचं सगळं उजळून ठेव," अन् दोघं बाजारात गेले. मी तांब्या, वाट्या, निरांजन उजळलं. मग आबांची नाण्यांची पेटी दिसली. लक्ष्मीपूजनाला चांदीचे रुपये मांडतातच, अन् ही तर काळीठिक्कर पडलेली. चिंच अन् राख लावून एकेक घासलं. राजांच्या दाढ्यासुद्धा चमकायला लागल्या. मला लई बरं वाटलं.

आबा आले, बघितलं, अन् खालीच बसले. "बाई, काय केलंस हे! तो काळेपणा शंभर-दीडशे वर्षांचा. जमवणारे त्यालाच मानतात. आता ह्यांना कोण विचारणार?"

"मन्ही चूक व्हयनी, आबा," येवढंच बोलले. खोलीत जाऊन बोचकं बांधायला घेतलं. रडले नाही.

अक्का दारात आल्या. "कुठं निघाली? फराळाची भांडी मी घासू?" मग तिथूनच आबांना ओरडल्या, "अहो, तुम्ही तिला सांगितलं होतं का कधी? तीस वर्षांत मला तरी सांगितलं? हिनं निदान तुमच्या राजांना न्हाऊ तरी घातलं!"

आबांनी एक नाणं उचलून उजेडात धरलं. मग म्हणाले, "तेही दिवाळीच्या आधीच उरकलं." अन् हसले. डोळे भरलेले होते.

लक्ष्मीपूजनाला ती नाणी खरंच मांडली त्यांनी. पाडव्याला मला समोर बसवून शिकवलं. नाणं कडेनं धरायचं, मधे बोट लावायचं नाही, पाणी तर नाहीच. अन् पेटी माझ्याकडेच दिली सांभाळायला. माझ्यासारखीला कोण देतं असं? मला सही येत नव्हती, पण कुठला राजा कोणत्या गावचा, ते मी तोंड बघून सांगायची. त्या दोघांचे उपकार मी रोज आठवते.

पुढं टपाल आलं की आबा हाक मारायचे, "ये गं, पाहुणे आले." मी पदराला हात कोरडे करून जायची. पाकीट मीच फोडायची.