कोळशाच्या छातीवरचा टिका

तोंडवलीची हिरा मासे विकायला बसली की अख्खा बाजार ऐकत राही, असं तिचं तोंड. पण शनिवारी मासळीला गिऱ्हाईक नसे, आणि घरात बोलायला माणूस नसे. नवरा कधीचाच गेलेला, लेक सासरी. मग बाईने भांडायचं कुणाशी, समुद्राशी?

२००३ साली तिच्या दारात एक काळं पिल्लू येऊन बसलं. तिने नाव ठेवलं कोळसो. साडेसातीवाल्यांना शनिवारी काळ्या कुत्र्याला भाकरी घालायची असते, आणि वाडीतली बाकीची कुत्री तांबडी नाहीतर कबरी. झालं! दर शनिवारी अंगणात माणसं. कोळसो भाकरी खाई, माणसं हिराचा चहा पीत आणि वर तिच्या शिव्या खात. हिरा हरखून गेली.

एकदा भाकरीच्या आनंदात कोळसो उताणा लोळला आणि छातीवरचा पांढरा टिका सगळ्यांना दिसला. साडेसातीवाल्यांतलाच वाडीतला आबा डोळे वटारून पुढे झाला. हा तरुणपणी कोल्हापुरात घोड्यांच्या पागेत होता, त्यामुळे चार पायांच्या कुठल्याही जनावराचा न्याय आपणच करायचा, अशी त्याची समजूत.

"कपाळार आसलो तर चांदो. चारय पाय नि तोंड पांढरा आसला तर पंचकल्याणी. पण छातीर? ह्येका नावच नाय! ह्यो काळो न्हय गो."

"मेल्या, तुझ्या टकलार केस नाय म्हणान तू माणूस न्हय?" हिरा कडाडली.

पण साडेसातीवाला माणूस भित्रा. लोक कुजबुजायला लागले. पुढल्या शनिवारी हिराने चुलीची काजळी खोबरेल तेलात कालवून टिका बुजवला. आबा दिसताच कोळशाला प्रेमाचा उमाळा आला आणि त्याने आबाला छातीशी धरलं. आबाचा पांढराशुभ्र सदरा कबरा झाला, टिका पुन्हा उघडा पडला!

त्यानंतर अंगण ओस. हिरा सवयीने मोठा टोप भरून चहा ठेवी आणि एकटीच पीत बसे. कोळशाला भाकरीही तीच घाली.

"तुका भाकरी मिळतली रे," ती एकदा त्याला म्हणाली, "माका बोलूक माणूस खंय मिळतलो?" आणि तिला रडूच कोसळलं.

एका शनिवारी अंगणात शिरायच्या बेड्याशी खाकरल्याचा आवाज आला. आबा! हातात भाकरी.

"काळो कुत्रो गावलो नाय वाटता?" हिराने टोमणा हाणला.

"गावलो. पलीकडच्या वाडीत निखळ काळो आसा."

"मगे हंय कित्याक मरूक इलंस?"

आबाने भाकरी कोळशापुढे टाकली आणि ओट्यावर बैठक मारली.

"माझी साडेसाती गेली गो मागच्या म्हयन्यात. पण थंय माका गाळी-शिव्या कोण घालता? चाय ठेव."