थांब्यावरच्या काकू

सहा वर्षं आम्ही दोघी एकाच सिटी बसने कामाला जात होतो. मी तुकोगंजमधल्या एका ऑफिसात टायपिंग आणि पत्रव्यवहार बघायची, आणि काकू तिथून दोन गल्ल्या सोडून एका डोळ्यांच्या दवाखान्यात पेशंटची नावं लिहून घ्यायच्या. त्यांची साठी उलटली होती, नवरा गेलेला, मुलगी परगावी. आमची ओळख बडा गणपतीच्या थांब्यावरच झाली. त्या आधी चढल्या तर शेजारच्या सीटवर पिशवी ठेवून माझी जागा धरायच्या, आणि कंडक्टरनं कितीही तोंड वाकडं केलं तरी पिशवी हलवायच्या नाहीत. बसमध्ये शिरण्यापलीकडे माझी सकाळची दुसरी काही चिंता नव्हती.

मग कोरोना आला, आणि एका संध्याकाळी कंडक्टर म्हणाला, "कल से बंद है, मैडम. कब चालू होगी, पता नहीं." काकू हसून म्हणाल्या, "चला, आठवडाभर आराम." त्या आठवड्याचे कित्येक महिने झाले. आमच्या रस्त्यानं एकच बस जाताना दिसायची, पांढऱ्या पोशाखातल्या माणसांनी भरलेली, खिडक्या बंद. आई मला गॅलरीतून आत ओढायची.

बस पुन्हा सुरू झाली तेव्हा एक सोडून एका सीटवर लाल फुल्या मारल्या होत्या. गाड्या कमी होत्या. निम्मी माणसं भरली की ड्रायव्हर थांब्यावर थांबतच नसे. पहिल्याच दिवशी काकूंनी सवयीनं मला शेजारी बोलावलं, तर कंडक्टर म्हणाला, "काकी, यहाँ नहीं. एक छोड़के." मी मागे जाऊन बसले. मास्कमधून इतक्या अंतरावरून बोलता येईना. तुकोगंज येईपर्यंत आम्ही दोघी खिडकीबाहेर बघत राहिलो.

दुसऱ्या आठवड्यात भावानं मला जुनी स्कूटी आणून दिली. घरात आईला दम्याचा त्रास होता, त्यामुळे मी नाही म्हटलं नाही. काकूंना फोनवर सांगितलं. त्या म्हणाल्या, "बरं केलंस गं. माझं काय, मी बघते."

त्यानंतर एका सकाळी मी थांब्याजवळून जात होते. ऊन चढलेलं. काकू एकट्याच उभ्या होत्या, पदर डोक्यावर घेतलेला, मान बस येण्याच्या दिशेला. तेवढ्यात भरलेली बस त्यांच्या समोरून न थांबता निघून गेली. शेअर भाड्यानं चालणारी, सहा आसनांची छोटी मॅजिक गाडी थांबली, पण आत दहा माणसं बघून त्या मागे सरकल्या. माझी मागची सीट रिकामी होती. मी ब्रेकवर बोटं ठेवली, आणि आईचा श्वास आठवला. काकूंना बिनधास्त मागे बसवून न्यायचं धाडस मला झालं नाही. मी नजर समोर ठेवली आणि निघून गेले.

दवाखान्यात त्यांना रोज उशीर होऊ लागला. महिन्याभरानं तिथं त्यांच्या जागी गाडीवरून वेळेत येणारी एक मुलगी ठेवली. हे त्यांनीच मला फोनवर सांगितलं, अगदी साध्या आवाजात. मी "अरेरे" म्हणाले, आणि त्या सकाळबद्दल काही बोलले नाही.

दुसरी लाट ओसरल्यावर, पुष्कळ उशिरा, मी त्यांच्या घरी गेले. त्या पायरी उतरायलाही भिंत धरत होत्या. म्हणाल्या, बाहेर पडणं सुटलं तसे गुडघेही सुटले. चहा पिताना मी धीर करून म्हटलं, "काकू, एकदा मी थांब्यावरून..."

"दिसली होतीस तू मला," त्या म्हणाल्या. "मीच दुसरीकडे तोंड फिरवलं. तुला थांबायची परेशानी नको म्हणून."

मी रडू लागले. त्यांनी मला थोपटलं नाही, रागावल्याही नाहीत; कप उचलून आत घेऊन गेल्या.

आता पुष्कळ गाड्या धावतात. आमचा सरळ मार्ग मात्र बदलला, मध्ये उतरून दुसरी बस धरावी लागते. काकूंना ते जमणारं नाही. गेल्या महिन्यात मी म्हटलं, "मी स्कूटीवर दवाखान्यात नेते, डोळे तरी तपासून घ्या."

"आता मागे बसायची भीती वाटते गं," त्या म्हणाल्या, आणि दार हळूच लोटून घेतलं.