शेजारचं विरजण

अमडापूरचा तुळशीराम बुलढाण्याजवळ सांडपाणी केंद्रावर कामाला होता. तिथं मैल्याच्या गाळापासून गॅस करणाऱ्या दोन टाक्या होत्या, एक त्याची, दुसरी नव्यानं लागलेल्या गजेंद्रची. गाळ एकच, पण गजेंद्र तो आधी कॉस्टिक सोड्यात मुरवी, म्हणून त्याच्या टाकीत गॅस जास्त होई आणि तिच्यावरच्या शेगडीवर चहा चटकन उकळे. सगळे कप घेऊन तिकडंच. तुळशीरामच्या पोटात दुखे. "काल आला अन् मले शिकवून राह्यला!"

एका दुपारी त्यानं गुपचूप आपल्या गाळातही सोडा ओतला, गजेंद्रच्या दुप्पट. सोड्यावर उतारा म्हणून गजेंद्र नंतर आम्ल घालतो, हे त्यानं विचारलंच नव्हतं. विचारणं म्हणजे नाक कापून घेणं. आठवड्यात गॅस करणारे जंतू मेले, शेगडी विझली.

गजेंद्र हसला नाही. अर्धी टाकी उपसून त्यानं आपल्या टाकीतला जिता गाळ तिच्यात ओतला. "काका, दही नासलं तर विरजण शेजारूनच आणा लागते."

पुढं तुळशीरामची शेगडी अशी पेटली की सगळे तिच्यावरचा चहा वाखाणू लागले. त्यानं मात्र एक घोट घेऊन कप खाली ठेवला.

"काऊन काका, साखर कमी हाय?" चहाला आलेल्या एका पोरानं विचारलं.

"साखर बरोबर हाय बे. विरजण त्याचं हाय."