धर्मेंद्रची वेगळी कानबाई

आमच्या धर्मेंद्रला मुळांचं फार वेड. झाडांच्या मुळांचं नाही. बाल्कनीतल्या दोन तुळशी त्याने पाणी घालून घालून मारल्या, तिसरी मी त्याच्यापासून लांब ठेवून जगवली आहे. त्याला माणसांच्या मुळांचं वेड. माणूस कुठून आला, कुठे चालला, कशासाठी चालला, हे प्रश्न त्याला साधारणपणे रविवारी नाश्ता झाल्यावर पडतात.

तोंडावर मी त्याला 'अहो' म्हणते. कागदावर धर्मेंद्र म्हणते. तेवढी चैन कागदावर करायला हरकत नाही.

तो शहादा तालुक्यातल्या कळसाडीचा, कापसात आणि उसात वाढलेला. मी तळोद्याची. लग्न झाल्यापासून आम्ही पुण्यात आहोत. धर्मेंद्रची कंपनी मोठमोठ्या गोदामांसाठी प्रोग्राम बनवते. कुठला माल कुठल्या फळीवर पडलाय ते त्यावर बसल्या जागी दिसतं म्हणे. स्वतःचे मोजे कुठल्या खणात आहेत ते मात्र तो मलाच विचारतो. माणूस सरळ आहे, कोणाचं वाईट चिंतत नाही, रोज संध्याकाळी गावी आईला फोन करतो. फक्त विचार करायला लागला की त्याला थांबता येत नाही.

भाऊबंदांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर तो दर रविवारी चिंतन टाकतो. 'प्रगती म्हणजे मुळं तोडणं नव्हे, मुळं सोबत घेऊन उंच जाणं,' असं काहीतरी. खाली सूर्योदयाचं चित्र. थोड्या वेळाने त्याचे थोरले भाऊ नवलदादा उत्तर देतात, "तठे पानी पडनं का?" म्हणजे तिकडे पाऊस झाला का. धर्मेंद्र दिवसभर खट्टू असतो. एकदा मी गवार निवडत बसले होते, तर समोर येऊन म्हणाला, "रुपा, आपल्या जगण्याचं प्रयोजन काय गं?" मी म्हटलं, "सध्या गवार. बसा, अर्धी तुमची." त्याला लगेच एक महत्त्वाचा फोन आला.

आता कानबाई म्हणजे काय, ते खानदेशाबाहेरच्या लोकांसाठी सांगायला हवं. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी आमच्याकडे कानबाई बसते. नारळाचीच देवी, तिला नथ, दागिने, साडीचोळी. आदल्या दिवशी घराण्यातल्या एकेका पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ गहू सुपात पडतो. पाळण्यातल्या पोराच्या नावानेही पडतो. तो सगळा गहू एकत्र दळायचा आणि त्याच पिठाचे रोट, म्हणजे जाडजूड पुऱ्या, करायच्या. ते फक्त आपल्या भाऊबंदांनी खायचे. शेजाऱ्याला द्यायचे नाहीत, पाहुण्याला नाहीत, लग्न होऊन गेलेल्या लेकीलाही नाहीत. पौर्णिमेच्या आत संपवायचे. आणि एका माणसाने एकाच कानबाईचे रोट खायचे. मूठ पुरुषांच्या नावाने पडते. निवडणं, मळणं, लाटणं, तळणं बायकांच्या नावाने पडतं. ते कोणी मुठीने मोजत नाही.

कोणी सुरतेला, नाशिकला कायमचं स्थायिक झालं, की कधीकधी आपली कानबाई वेगळी करून घेतं. इथून मानाचा नारळ न्यायचा आणि आपल्या घरी बसवायचा. त्यात भांडण असतंच असं नाही. पण एकदा वेगळी झाली की त्या घरची मूठ या सुपातून गेली.

यंदा आम्ही दोघंच निघालो होतो. आमच्या काजलची कॉलेजची परीक्षा होती, म्हणून ती पुण्यातच राहिली. धुळं मागे पडलं, रस्ता सरळ झाला आणि धर्मेंद्रला विचार सुचला.

"आपण आपली कानबाई पुण्यात बसवायची," तो म्हणाला.

मग त्याने कारणं सांगितली. रजा मिळत नाही, गाडी चालवून पाठ धरते, काजलला जमत नाही, पुण्यात आपल्याकडची कितीतरी घरं आहेत, सोसायटीचा हॉल मोकळा असतो. शिवाय तत्त्व होतंच. मुळं एका जागी अडकवून ठेवायची नसतात. त्याने 'विकेंद्रीकरण' हा शब्दही वापरला. कानबाईच्या बाबतीत हा शब्द पहिल्यांदाच कोणी वापरला असावा.

"आईंना माहीत आहे का हे?" मी विचारलं.

"तिला मी समजावतो. ती रडेल थोडी. माझी तयारी आहे."

तयारी होतीच. दोंडाईचा येईपर्यंत त्याने ती मला म्हणून दाखवली. आई अमुक म्हणाली तर हे सांगायचं, तमुक म्हणाली तर ते.

शनिवारी दुपारी माझ्या सासूबाई, कमलबाई, पुढच्या खोलीत सूप घेऊन बसल्या. शेजारी गव्हाचं पोतं. नवलदादा एकेक नाव घ्यायचे आणि त्या मूठ टाकायच्या. धर्मेंद्र समोर मांडी घालून बसला. कळसाडीत शिरला की त्याची अहिराणी परत येते, अधूनमधून ऑफिस डोकावतं एवढंच.

"माय, मी काय म्हनस, आम्हनी कानबाई आते पुनामा बसाडसूत. यंदा नारळ लई जासूत. प्रॅक्टिकली तेच बरं शे."

सासूबाईंनी त्याच्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता डोळ्याला पदर लागणार. धर्मेंद्रलाही वाटलं. तो पहिलं उत्तर घेऊन पुढे सरकलासुद्धा.

"बसाड ना," त्या म्हणाल्या. "तुन्हं घर तठे शे, तुन्ही पोर तठे शे. वाईट काय शे त्यामा?"

धर्मेंद्रची एवढी पाठ केलेली उत्तरं, एकालाही वाव नाही. परीक्षेला बसावं आणि पेपरच रद्द व्हावा, तसा त्याचा चेहरा झाला. तरी त्याने थोडं समजावून पाहिलं, की हे तुटणं नाही, विस्तार आहे. सासूबाई मान डोलावत राहिल्या.

"व्हय रे भाऊ, समजनं मले. नारळ यंदा लई जाशी, मंग मूठबी यंदापाईनच वेगळी. नवल, पुढलं नाव ले."

नवलदादांचं नाव झालं होतं. पुढचं धर्मेंद्रचं, दरवर्षी तेच असतं. दादांनी तोंड उघडलं आणि मिटलं. घसा साफ केला. मग आपल्या मुलाचं नाव घेतलं, "भाग्येश." सासूबाईंची मूठ पडली. मग शांतीलाल काकांचं, मग त्यांच्या मुलांचं, नातवांचं. धर्मेंद्र शेवटपर्यंत बसून होता. सूप उचललं तेव्हा तो हसून म्हणाला, "लॉजिकल शे." कोणी काही विचारलं नव्हतं.

मला मात्र राग आला, तोही चांगलाच. नवऱ्याची मूठ गेली की त्याच्या मागे बायको गेलीच. मला कोणी विचारलं होतं? इतकी वर्षं त्या चुलीपुढे मी जावेबरोबर, रंजिताताईंबरोबर, रोट लाटत आले. कळसाडीच्या घरात मला माझी म्हणावी अशी जागा कुठली असेल, तर ती पोळपाटापुढची. रविवारी सकाळी कानबाई बसली, आरती झाली. सोमवारी मी सवयीने पदर खोचून स्वयंपाकघरात गेले, तर रंजिताताईंनी माझ्या हातातलं लाटणं हलकेच काढून घेतलं.

"रुपा, ऱ्हाऊ दे. तुम्हनं आते वेगळं व्हयनं."

त्यांना बोलताना माझ्याकडे बघवलं नाही. मी बाहेर येऊन धर्मेंद्रला म्हटलं, "अहो, अभिनंदन. सासरी मला सुट्टी मिळाली. तुमच्या विस्तारात पहिली मी." तो म्हणाला, "तू भावनिक होतेस." मी त्याच्याशी दुपारपर्यंत बोलले नाही, आणि माझं न बोलणं त्याला बोलण्यापेक्षा जास्त ऐकू येतं.

सोमवारी दुपारी कानबाईला नदीवर पोचवून सगळे परत आले. नाचत गेले होते, नाचत आले. पोरांचे पाय चिखलाने भरले होते. जेवणाची पंगत मोठ्या खोलीत बसली. मधल्या पाटीत रोट, शेजारी खीर, गंगाफळाची, म्हणजे लाल भोपळ्याची, भाजी. आमच्यासाठी भिंतीशी दोन खुर्च्या मांडल्या होत्या, पुढे टीपॉय. त्यावर वेगळा केलेला शिरा, पुऱ्या, बटाट्याची भाजी. जावयाला करतात तसं सगळं. भाग्येश येऊन अदबीने विचारून गेला, "काका, पानी थंड देऊ का साधं?" आजवर हा मुलगा काकाच्या पाठीवर चढत आलेला.

धर्मेंद्रने सुरुवातीला मजेत घ्यायचं ठरवलं होतं. "पाहा, किती मान," असं मला म्हणालाही. पण घास काही खाली उतरत नव्हता. खालून रोट मोडल्याचा आवाज येत होता, कोण किती खातं यावरून चेष्टा चालली होती. नवलदादा भाग्येशला म्हणत होते, पौर्णिमेच्या आत संपवायचे आहेत, हात चालव. त्या चेष्टेत दरवर्षी धर्मेंद्रच पुढे असायचा. सगळ्यांत जास्त रोट खाण्याची पैज तोच लावायचा आणि तोच हरायचा. आता त्याला कोणी चिडवेना. पाहुण्याला कोण चिडवतं?

मग त्याने त्याच्या पद्धतीने सावरायला घेतलं. पुण्याचा बेत मांडायला सुरुवात केली. हॉलमध्ये मांडव कसा घालायचा, खानदेशातली कोणकोणती घरं बोलवायची, आरतीला माईक. बोलता बोलता रंगला. खाली आईकडे वाकून म्हणाला, "आनि माय, तुले लेवाले मी सोता गाडी लई ईसू ना. एसीमा बसीसन ये. आपला पुनाना कानबाईनं पहिलं रोट तूच खाशी."

सासूबाई जेवताना हसल्या. "मी कशी खासू, भाऊ?"

"का बरं?"

"मी नवलना आंगे ऱ्हास. मन्ही कानबाई आठली. एक मानूस दोन कानबाईनं खास का कधी?"

धर्मेंद्रचा हात शिऱ्यातच राहिला. मी त्याचा चेहरा बघत होते. या माणसाने सगळं मोजलं होतं. रजा, रस्ता, हॉल, माईक. आई कुठल्या बाजूला पडेल हे त्याने मोजलंच नव्हतं. त्याच्या हिशेबात ती दोन्हीकडे होती. आई कुठे एका बाजूला असते, असंच त्याला वाटत आलं असणार. मलाही तोवर ते सुचलं नव्हतं, खरं सांगायचं तर.

"मंग मन्हा घर तू काय जेवशी?" त्याने विचारलं. आवाज लहान झाला होता.

त्या साधेपणाने म्हणाल्या, "आते तू काय जेवी ऱ्हायना? तेच देजो मले. शिरा."

त्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर बरं झालं असतं, धर्मेंद्रला टोमण्याला उत्तर देता येतं. त्यांनी विचारलेल्याला उत्तर दिलं होतं, एवढंच. पंगतीतली चेष्टा थांबली. नवलदादा पानाकडे बघत राहिले. रंजिताताई खिरीचं भांडं हातात घेऊन उभ्या होत्या, त्या तशाच उभ्या.

धर्मेंद्रने शिऱ्यातला हात काढला. मग म्हणाला, "माय, मले नारळ नको. मन्ही मूठ टाक."

"यंदा नही व्हस," त्या म्हणाल्या. "पीठ दळाई गयं. दळेल पीठमा मूठ पडस का? पुढला वरीस ये, नवल तुन्हं नाव लेई." आणि मग थोडं थांबून, "पन खुर्चीवरथीन उतर. माय खाले बसेल शे."

तो उतरला. शिऱ्याचं ताट घेऊन त्यांच्या शेजारी जमिनीवर बसला. नवलदादा जरा सरकले. मीही उतरले आणि रंजिताताईंच्या पानाशेजारी जागा करून घेतली. धर्मेंद्रवरचा माझा सगळा राग त्या दोन पावलांत कुठे गेला कळलं नाही. मला फक्त त्याची दया येत होती, आणि सासूबाईंची त्याहून जास्त.

जेवणं पुन्हा सुरू झाली. सासूबाईंनी नवा रोट मोडला. कडेचा खरपूस तुकडा बाजूला काढला, खिरीत बुडवला आणि उजवीकडे बसलेल्या लेकाच्या तोंडाशी नेला. हात तिथवर गेल्यावर त्यांच्या लक्षात आलं. हात तसाच थांबला. धर्मेंद्रने तोंड उघडलेलं होतं.

त्यांनी हात मागे घेतला आणि तो घास स्वतः खाल्ला. खूप वेळ चावत राहिल्या. धर्मेंद्रने मान खाली घालून पुरी मोडली.