प्रिंटरपुढे पसरलेले हात

...आणि मी प्रिंटरच्या तोंडाशी दोन्ही हात पसरून उभा राहिलो. काल इथवर सांगितलं आणि मलाच डुलकी लागली. तर आमची सूनबाई ऑफिसातल्या लोकांना प्रिंटर जोडून देते. घरी बसून ऑफिसचा कॉम्प्युटर चालवणाऱ्यांचा कागद त्यांच्या घरच्याच प्रिंटरमधून निघावा, ही तिची कामगिरी. त्या सकाळी तिनं तसा कागद काढून दाखवला, तरच साहेब तिला घरून काम करू देणार होते.

तिनं बटण दाबलं. काही निघेना. गावच्या शाळेत पाटीवर शिकलेला मी मोठ्या तज्ज्ञासारखा म्हणालो, "अगं, गरम व्हायला वेळ लागतो त्याला. दाब पुन्हा!" बिचारीनं ऐकलं. मी प्रिंटरला थोपटलं, फुंकर घातली, वायर झटकली. ती दाबत राहिली.

तेवढ्यात साहेबांचा फोन आला. आवाज खोलीभर घुमला.

"अहो मॅडम, माझ्या केबिनमधला प्रिंटर थांबेचना! प्रत्येक पानावर तुमचंच नाव!"

घाईघाईत तिनं घरच्याऐवजी साहेबांचा प्रिंटर निवडला होता. कागद झेलायला माझे हात पुन्हा पसरलेलेच. मला वाटलं, गेली हिची परवानगी! पण सूनबाईला हसू फुटलं. ती म्हणाली, "साहेब, माझा कागद घरून थेट तुमच्यापर्यंत पोचतो, एवढं तर पक्कं झालं. आता घरातल्या घरात काढून दाखवते. फक्त आधी सासऱ्यांना प्रिंटरसमोरून हलवते, सध्या तेच मला शिकवताहेत."