गुडघाभर धाम

आंजीला आम्ही नदीला नुसतं नदी म्हणायचो. "नदीवर जाऊन येतो," "नदीला पाणी आलं," एवढ्यावर भागायचं. गावात नदी एकच असल्यावर तिला नावानं हाक कोण मारणार? लग्न होऊन पिपरी मेघेला आले, संसारात बुडाले, आणि पुष्कळ वर्षांनी एकदा नागपूरच्या बसमध्ये बसलेली असताना पवनारच्या पुलावर शेजारची बाई आपल्या लेकीला बाहेर बोट दाखवून म्हणाली, "हे पाय, धाम नदी." मी चमकून खिडकीबाहेर पाहिलं, तेवढ्यात पूल संपलासुद्धा. म्हणजे ही आमचीच नदी! हिचं इथं काय काम? आंजीहून निघून, मला काही न सांगता, ही बाई इतकी वर्षं माझ्या सासरच्या आसपास फिरत होती आणि मी मात्र भांड्यांच्या दुकानात स्टीलच्या डब्यांमागे बसून होते. मला तिचा चक्क राग आला.

त्या रागातूनच मी ठरवलं की ही नदी आपण पायाखालून घालायची. वरच्या धरणापासून आंजी, येळाकेळी, पवनार असं करत खाली वणा नदीला मिळते तिथपर्यंत, एकही वळण न सोडता. एका दमात जमणार नव्हतंच. तुकड्यातुकड्यानं, दुकान बंद असतं त्या दिवशी.

मला घरात कोणी डांबून ठेवलेलं नाही, हे आधीच सांगते. दार उघडंच असतं. पण दारातून निघताना कुठं चाललीस हे सांगावं लागतं, आणि सांगितलेलं ऐकणाऱ्याला पटावं लागतं. आमच्याकडे बाईला पटतील अशी कारणं मोजकीच: माहेर, लग्नकार्य, आजारपण, मयत आणि देव. "नदी पाहायला" हे त्यात बसत नाही. मी एकदा तोंडातून काढून पाहिलं, तर सासरे टीव्हीचा आवाज कमी करून म्हणाले, "काऊन? पूर आला काय?"

नवऱ्यानं तर हसण्यावारीच नेलं. माझा नवरा वाईट माणूस नाही. तोंडावर मी त्याला अहो-जाहो करते, लिहिताना एकेरी लिहिते. एवढी मोकळीक कागदावर तरी असावी. सहा दिवस तो दुकानात उभा असतो आणि सुट्टीच्या दिवशी जेवला की गाढ झोपतो. त्याच्या झोपेत आणि सासऱ्यांच्या संध्याकाळच्या चहात जेवढं अंतर, तेवढी माझी नदी.

वरचा भाग सोपा गेला, कारण त्याला माहेर होतं. "आंजीला जाऊन येते" म्हटलं की पुढचा प्रश्नच नाही. मी लाल बसनं जायची, कधी गावाच्या अलीकडे उतरायची, कधी पार पुढे खरांगण्याकडे, आणि उरलेलं चालायची. रस्त्यानं चालणाऱ्या बाईला आमच्या भागात कोणी चालू देत नाही. प्रत्येक गाडीवाला थांबतो, "बसा बाई, सोडून देतो." नको म्हटलं तर त्याला वाईट वाटतं. मग मला मंत्र सापडला: "डॉक्टरनं चालायला सांगितलंय." हे म्हटलं की माणूस मान डोलावतो, स्वतःच्या शुगरबद्दल चार शब्द बोलतो आणि पुढे जातो. आमच्याकडे बाईला मनानं चालता येत नाही, औषध म्हणून येतं.

मधला भाग सायकलनं केला. लेक नोकरीसाठी पुण्याला गेल्यापासून तिची सायकल जिन्याखाली धूळ खात होती. ती पुसून मी पहिल्यांदा बाहेर काढली तर शेजारीण गॅलरीतून ओरडली, "काकू, भाऊजीची गाडी बिघडली काय?" पंजाबी ड्रेस, डोक्याला ओढणी आणि पन्नाशीला टेकलेली मी! येळाकेळीपर्यंत डांबरी होतं तोवर ऐटीत गेले. नदीकडे वळल्यावर काळ्या मातीनं चाकं अशी धरली की मडगार्डमधून काडीनं चिखल उकरत बसावं लागलं. मी सायकलवर कमी बसले, सायकलच माझ्यावर जास्त बसली. पण मला त्या दिवशी फार बरं वाटलं. आजूबाजूला तुरी माझ्यापेक्षा उंच, नदी खालून वाहतेय, आणि कोणालाही ठाऊक नाही की मी इथं आहे. लेकीला फोन करून सांगावंसं वाटलं; पण ती लगेच बापाला सांगणार, म्हणून गप्प बसले.

एक गोष्ट मात्र प्रत्येक वेळी तीच व्हायची. चालायला नुकतं अंग सरावलेलं असायचं, नदी पुढं एखाद्या बाभळीआड वळलेली दिसायची, आणि परत फिरायची वेळ झालेली असायची. त्या वळणापलीकडं काय आहे ते पुढच्या सुट्टीला कळणार. पुढच्या सुट्टीला कोणी पाहुणे टपकायचे, नाहीतर दुकानात सणाची गर्दी असायची. मग ते वळण कितीतरी दिवस डोक्यात तसंच. डाळीला फोडणी देताना, गिऱ्हाईकाला कुकरची शिट्टी दाखवताना माझा जीव त्या बाभळीपाशी अडकलेला. दाव्याला बांधलेल्या गाईला गवत जेवढं पोचतं तेवढंच माझं. आणि गाईला निदान दावं दिसतं तरी.

पवनारच्या खाली माझं कोणी नाही. ना माहेर, ना नणंद, ना देव. तिथं मी लोकांना आजारी पाडायला सुरुवात केली. एका जुन्या मैत्रिणीचा पाय मी मोडला, तिच्या सासूला अर्धांग आणलं. त्या सासूबाई अजून ठणठणीत आहेत, देव त्यांना उदंड आयुष्य देवो, माझ्या बऱ्याच वळणांचं श्रेय त्यांचं आहे. असं करत करत मी वणेच्या अगदी जवळ आले. शेवटचा एक तुकडा उरला. मी एक इंचही नदी गाळलेली नव्हती. आयुष्यात माझं म्हणावं असं, कोणी न सांगता, कोणी न नेता केलेलं हे एकच काम होतं, आणि ते माझ्या पायांनीच पुरं व्हायला हवं होतं. आता संगमाला पोचले नाही तर पुन्हा जमणार नाही, अशी धास्तीच बसली होती. सासऱ्यांची तब्येत उतरत चालली होती आणि घरातून निघणं दर वेळी जड होत होतं.

दिवाळीनंतरची सुट्टी होती. जामकडे जाणारी बस धरली, एका फाट्यावर उतरले आणि मागच्या वेळी थांबले होते त्या जागेपर्यंत चालत गेले. कापसाची वेचणी चालू होती. दोन्हीकडं शेतं पांढरी, आणि कमरेला ओटी बांधलेल्या बाया वाकून कापूस वेचत होत्या. थोडं पुढं गेले तर या काठाची वाट काटेरी कुंपणानं बंद. पलीकडचा काठ मोकळा होता आणि मध्ये पाणी उथळ दिसत होतं. मी चपला काढल्या, भिजू नयेत म्हणून काठावर नीट जोडीनं ठेवल्या, पर्स त्यांच्यावर ठेवली आणि आधी खोली पाहून यावं म्हणून सलवार वर खोचून पाण्यात उतरले. पाणी गुडघ्याला लागत होतं. थंड, स्वच्छ, पायाखाली गोटे. मी मध्यावर उभी राहिले आणि डोळे मिटले. एवढंच केलं.

"व माय! व बाई! थांब व!"

डोळे उघडून पाहते तर शेतातल्या बाया ओट्यांसकट पळत येत होत्या. दोघी पाण्यात उतरल्या, एकीनं दंड धरला, दुसरीनं ओढणी, आणि मला काही बोलू न देता बाहेर ओढलं. काठावर चपला, वर पर्स, आणि मध्ये डोळे मिटलेली बाई. त्यांनी आयुष्यभर जे ऐकलं होतं त्यावरून त्यांचं काही चुकलं नव्हतं.

"अहो, मी जीव देत नव्हते," मी म्हटलं. "गुडघाभर पाण्यात कोण जीव देतं?"

"पुढं डोह हाये," दंड धरलेली म्हणाली. सगळ्यांत मोठी तीच होती, केस पांढरे, पकड लोखंडी. "तू बस इथं. पानी पे आधी."

त्यांनी मला पळसाखाली नेऊन बसवलं. डबे उघडले. भाकर, मिरचीचा ठेचा, वांग्याची भाजी. मी खाईपर्यंत त्या बाईनं माझा डावा हात सोडला नाही. दुसऱ्या हातानं भाकर मोडायला मला कष्ट पडत होते, तर तिनंच मोडून दिली.

"आता सांग," ती म्हणाली. "काय झालं घरी? नवरा मारते?"

"नाही हो."

"दारू पेते?"

"नाही."

"दुसरी ठेवली?"

"छे!"

"सासू छळते?"

"त्या वारल्या. सासरे आहेत, चांगले आहेत."

"लेकरं?"

"लेक पुण्याला आहे. नोकरी करते."

तिचे प्रश्न संपले. सगळ्या बाया माझ्याकडं पाहत राहिल्या. मलाच ओशाळल्यासारखं झालं. एवढं भाकर-पाणी खाल्लं आणि द्यायला एकही दुःख नाही! मी मनात चाचपून पाहिलं. तिनं विचारलेल्यातलं मला काहीच नव्हतं, आणि तरी ओढणीचं टोक डोळ्यांकडे गेलं. इतक्या वर्षांत मला घरी काय होतंय हे कोणी विचारलंच नव्हतं. विचारावं असं काही नव्हतंच ना.

"मंग काऊन आली इतल्या दूर?"

"नदी पाहायला. आंजीपासून चालत आले, थोडी थोडी. संगम राहिलाय फक्त."

त्यांनी एकमेकींकडं पाहिलं. एक तरुण बाई हसायला लागली, तिला मोठीनं डोळ्यांनी दटावलं. मी रडायला लागले होते, आणि त्यामुळे माझं खरं बोलणं आणखीच खोटं ठरत होतं. "होऊ दे, होऊ दे," म्हणत ती माझ्या पाठीवरून हात फिरवत राहिली. मी म्हटलं, मला जाऊ द्या, संगम इथून जवळच असेल, मी पाहून परत येते. तर तिनं हात आणखी घट्ट धरला. "एकटी नाई जाऊ देत बाप्पा. उद्या काई झालं तं आमाले झोप लागन काय?"

तेवढ्यात पर्समधला फोन वाजला. मी हात पुढे करेपर्यंत तिनं तो उचलून कानाला लावलाही होता.

"कोन? नवरा काय तुमी? तुमची बाई इथं नदीत सापडली. घाबरू नका, जित्ती हाये."

पुढचं सांगण्यासारखं काही नाही. मी फोन हिसकावून नवऱ्याला समजावलं, पण त्या पहिल्या वाक्यानंतर त्यानं फाट्याच्या नावाखेरीज काही ऐकलंच नसावं. तो आला तेव्हा घरातल्या बनियनवर स्वेटर चढवलेलं होतं आणि चेहरा राखेसारखा. त्यानं त्या बायांना हात जोडले, ते तसेच जोडून उभा राहिला. दुकानात पाहिलेला माणूस नव्हता तो.

"बाईले संगम पाह्यचा होता म्हनते," मोठी बाई जाताजाता म्हणाली. "दाखवून द्या. मन हलकं होते."

"बस," नवरा मोटरसायकल चालू करत मला म्हणाला.

शेतातल्या बैलगाडीच्या वाटेनं गाडी खडखडत गेली आणि जिथं पोचायला मला जेमतेम तास लागला असता तिथं आम्ही बघता बघता पोचलो. दोन पाणी एकत्र येत होती. धाम अरुंद होती, वणा रुंद होती. मधल्या वाळूवर बगळे उभे होते. मी गाडीवरून उतरले, तर नवरा माझ्या आणि पाण्याच्या मध्ये येऊन उभा राहिला. पाणी नीट दिसेना म्हणून मी बाजूला सरकले, तर तोही सरकला.

"खरं सांगजो," तो खाली पाहत म्हणाला. "तू तशी नव्हती नं निघाली?"

"नाही हो. मला फक्त इथवर चालत यायचं होतं."

त्यानं केवढा तरी श्वास सोडला. डोळे पुसले. लग्नानंतर इतक्या मायेनं तो माझ्याशी कधी बोलला असेल असं मला आठवत नाही.

"मंग सांगायचं नं मले," तो म्हणाला. "मी आणलं असतं गाडीवर."

आता तो सुट्टीच्या दिवशी झोपत नाही. जेवण झालं की गाडी काढतो आणि मला कुठल्या ना कुठल्या नदीवर नेतो. हिला नदीचा शौक आहे, असं दुकानात कौतुकानं सांगतो. पुलावर गाडी थांबवतो, आणि मी उतरले की कठड्याच्या बाजूला स्वतः उभा राहतो. मी त्याच्या खांद्यावरून पाणी पाहते, छान आहे म्हणते, आणि मागे बसते.