सरजाबाईची धमकी

आमच्या पेडगावात सरजाबाईच्या तोंडात तीळ भिजत नाही. बाळ-बाळंतिणीला न्हाऊ घालायला ती घरोघर जाते आणि एका न्हाणीतली बातमी दुसरीत पोचवते. पण हाताला गुण आहे, म्हणून बोलावणं काही थांबत नाही.

मालनबाईची रोहिणी पहिलटकरीण, माहेरी बाळंत झाली. पोरगा गुटगुटीत. रोहिणी मात्र त्याच्याकडं बघेना, जेवेना, झोपेना. आईनं नजर लागली म्हणून मीठ-मोहऱ्या उतरवल्या. शेजारणी म्हणाल्या, आजकालच्या पोरींना काही सोसत नाही. असं बोलणाऱ्यांचा मला भारी राग येतो.

एके दिवशी पाठीवर कढत पाणी पडताना रोहिणी हळूच म्हणाली, "मावशी, बाळाला तुमीच घिऊन जा. माझ्या हातून त्याचं कायतरी वाईट होईल. मलाबी जगू वाटंना."

सरजाबाईनं तांब्या खाली ठेवला. तिनं पोरीला कोरडं केलं, बाजेवर निजवलं, बाळ स्वतःच्या मांडीवर घेतलं आणि मालनबाईला हाक मारली. सगळं सांगून म्हणाली, "मालन, हे नजरंचं काम न्हाई. आत्ताच परभणीला डॉक्टरकडं ने."

मालनबाई हादरली, तरी म्हणाली, "झाकली मूठ सव्वा लाखाची, मावशी. सासरी कळलं तर येडी म्हनतील. नांदवतील का पोरीला?"

"मग मीच गावभर सांगते. माझं तोंड तुला ठाऊक हाय."

धमकी लागू पडली. सरजाबाई बाळाला घेऊन सोबत गेली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, बाळंतपणानंतर बऱ्याच जणींना हा आजार होतो, यात पोरीचा दोष नाही, उपचारानं बरं वाटेल. तोवर तिला एकटं सोडू नका.

बरं व्हायला वेळ लागला. आधी दोन घास जेवू लागली, मग झोपू लागली. एका सकाळी बाळ शिंकलं, तशी रोहिणीनं आपणहून त्याचं टोपडं नीट बांधलं. ते बघून सरजाबाई रडली.

बायका खोदून खोदून विचारायच्या. सरजाबाई गप्प. मला तर वाटलं, हिलाच काही झालं की काय.

मग एक दिवस मालनबाईच तिच्या दारात आली.

"मावशी, वरच्या आळीतल्या पंडितच्या सुनेचं बी तसंच चाललंय म्हनं. लेकराला जवळ घेईना. तिला न्हाऊ घालायला तुमीच जायलाव न्हवं? माझ्या रोहिणीचं सांगा तिला. नाव घेऊन सांगा."